डॉ. विल्यम केरी: वेळेचा विश्वासू कारभारी

खेडोपाडी सेवा करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंच्या मुखी एक गाऱ्हाणे वारंवार असते. काम पुष्कळ, वेळ थोडा. सकाळी एक काम हाती घ्यावे तो दुसरे दारात उभे राहते, आणि दिवस मावळतो तेव्हा दोन्ही अर्धीच राहिलेली असतात. हे गाऱ्हाणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांच्या पाठीवर आपल्याहून अधिक भार होता, अशा एका पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव विल्यम केरी. त्यांची विद्वत्ता व त्यांचे ग्रंथ ह्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आमचा हेतू त्याहून लहान आहे. त्यांनी आपल्या दिवसाचे भाग कसे पाडले, त्या रीतीने काय साधले आणि तिची किंमत कोणास द्यावी लागली, एवढेच आम्हास पाहावयाचे आहे.

केरीसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडात नॉर्थम्पटन परगण्यातील पॉलर्सपरी ह्या खेड्यात झाला. त्यांचे वडील एडमंड हे हातमागावर कापड विणून पोट भरीत. पुढे ते गावच्या शाळेचे पंतोजी झाले. मुलाला झाडेझुडपे, किडे व पाखरे ह्यांची मोठी आवड. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास जोडे शिवण्याचा धंदा शिकावयास ठेविले. तेथे त्याच्या हाती ग्रीक शब्द असलेले एक पुस्तक लागले. ती अक्षरे त्यास वाचता येईनात. म्हणून ती उतरून घेऊन एका जाणत्या गृहस्थाकडून तो समजावून घेऊ लागला. ह्याप्रमाणे लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच व फ्रेंच ह्या भाषा त्याने हळूहळू आत्मसात केल्या. कोणत्याही मोठ्या विद्यालयाची पायरी तो चढला नव्हता.

इ. स. १७८१ त त्यांचा विवाह डॉरथी प्लॅकेट हिच्याशी झाला. इ. स. १७८५ त ते मोल्टन गावच्या लहान मंडळीचे पाळक झाले. मंडळीकडून मिळणाऱ्या पैशांत घर चालत नसे. म्हणून ते शाळा चालवीत, आणि तरीही कमी पडे म्हणून जोडे शिवीत. पाळक, पंतोजी आणि कारागीर अशी तीन माणसांची कामे एका माणसाकडे होती. इ. स. १७८९ त ते लेस्टर शहरच्या मंडळीकडे गेले. तेथून नोव्हेंबर १७९० मध्ये त्यांनी वडिलांस एक पत्र लिहिले, आणि त्यात आपल्या आठवड्याची मांडणी कळविली. सोमवार प्राचीन भाषांच्या अभ्यासाचा. त्या दिवशी काहीतरी भाषांतर केलेच पाहिजे असा त्यांनी स्वतःस नेम घातला होता. मंगळवार शास्त्रे, इतिहास व लेखन ह्यांचा. बुधवारी व्याख्यान, वर्षभराहून अधिक काळ ते प्रकटीकरणाच्या पुस्तकावर क्रमाने बोलत होते. गुरुवार भेटीगाठींचा. शुक्रवार व शनिवार प्रभूच्या दिवसाच्या तयारीचे. रविवारी उपदेश. आणि ह्या सर्वांच्या जोडीला शाळा होती. ती सकाळी नऊ वाजता भरे, आणि हिवाळ्यात चारपर्यंत व उन्हाळ्यात पाचपर्यंत चाले.

वाचकांनी ह्या मांडणीकडे नीट पाहावे. शाळेने दिवसाचा मधला मोठा तुकडा आधीच घेतला होता. उरलेली सकाळ-संध्याकाळ एवढीच त्यांच्या हाती. ती सहा कामांत रोज थोडी थोडी वाटली असती तर कोणतेच काम पुढे सरकले नसते. म्हणून प्रत्येक कामास त्यांनी त्याचा वार नेमून दिला. सोमवारी भेटीगाठींची चिंता नाही, कारण गुरुवार येणार आहे. गुरुवारी व्याकरणाची चिंता नाही, कारण सोमवार येऊन गेला आहे. अशा मनुष्याचे मन हातातील कामात पूर्ण राहते.

इ. स. १७९२ त केरीसाहेबांनी दूर देशी शुभवर्तमान नेण्याच्या कर्तव्याविषयी एक लहान पुस्तक छापिले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग गावी काही पाळकांनी मिळून बाप्टिस्ट मिशनची संस्था स्थापिली. त्या दिवशी जमलेली वर्गणी १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स एवढीच होती. पुढील वर्षी जून महिन्यात केरीसाहेब पत्नी, मुले व मेहुणी ह्यांसह डेन्मार्कच्या एका गलबतावर चढले आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये बंगाल्यात पोहोचले. डॉरथीबाईंची येण्याची इच्छा नव्हती. अगदी शेवटी, बहीण सोबत येते म्हणून, त्या तयार झाल्या.

पहिली वर्षे फार कष्टाची गेली. इ. स. १७९४ त केरीसाहेबांस मालदा प्रांतातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीची जागा मिळाली. निळीचा हंगाम वर्षातून थोडे महिने असे. तेवढ्यात दिवसभर राबावे लागे. उरलेले महिने त्यांनी बंगाली भाषा, नव्या कराराचे भाषांतर आणि गावोगाव उपदेश ह्यांना दिले. शेतकरी जसा पेरणीच्या दिवसांत लग्नकार्य काढीत नाही, तसे त्यांनी वर्षाचेही भाग पाडले. परंतु त्याच १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने वारला. आजार, परका देश व पुत्रशोक ह्यांखाली डॉरथीबाईंचे मन खचले, आणि पुढे त्या भ्रमिष्ट झाल्या. त्या पुन्हा बऱ्या झाल्या नाहीत.

जानेवारी १८०० मध्ये केरीसाहेब कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीकाठी असलेल्या सेरामपूर गावी राहावयास आले. ह्या गावास श्रीरामपूर असेही म्हणतात. आपल्याकडील श्रीरामपूर ते हे नव्हे. तेव्हा हे गाव डेन्मार्कच्या राजाकडे होते. तेथे जोशुआ मार्शमन, त्यांची पत्नी हॅना आणि विल्यम वॉर्ड हे त्यांचे सोबती झाले. सर्व कुटुंबे एका घरात राहत, आणि घराचा दिवस घड्याळाप्रमाणे चाले. वॉर्डसाहेबांनी त्याच वर्षी आपल्या रोजनिशीत त्याची हकीकत लिहून ठेविली आहे. सहाच्या सुमारास सर्व उठत. केरीसाहेब बागेत जात, मार्शमनसाहेब शाळेकडे, आणि वॉर्डसाहेब छापखान्यात. आठ वाजता घंटा होई व सर्व मंडळी उपासनेस एकत्र जमे. न्याहारीनंतर केरीसाहेब भाषांतरास किंवा छापून आलेले कच्चे कागद तपासावयास बसत. शनिवारी सायंकाळी, प्रार्थना झाल्यावर, आठवड्यात काही वाकडे आले असेल तर ते मिटवून टाकण्याची व कामकाज ठरविण्याची बैठक होई. भांडणासही त्यांनी वेळ नेमून दिली होती. म्हणून ते इतर दिवसांत शिरत नसे.

इ. स. १८०१ त कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरीसाहेबांची बंगाली व संस्कृत शिकविण्याकडे नेमणूक झाली. दरमहा ५०० रुपये पगार ठरला. पुढे १८०७ पासून तो १,००० झाला. आपल्या कुटुंबापुरती थोडी रक्कम ठेवून बाकी सर्व पैसा ते मिशनच्या सामाईक पेटीत टाकीत. आता आठवड्याचे दोन भाग झाले. मंगळवारी सायंकाळी नावेत बसून ते कलकत्त्यास जात आणि शुक्रवारी सायंकाळी सेरामपुरास परत येत.

इंग्लंडातील मित्रांस पत्रे लिहावयास त्यांस सवड होत नसे, आणि मित्र त्याबद्दल रुसत. तेव्हा १२ जून १८०६ च्या पत्रात क्षमा मागताना त्यांनी कलकत्त्यातील आपल्या एका दिवसाचा हिशेबच लिहून पाठविला. तो हिशेब असा आहे. पहाटे पावणेसहा वाजता उठणे. हिब्रू शास्त्राचा एक अध्याय वाचणे. सातपर्यंत एकांतातील प्रार्थना. सात वाजता घरच्या नोकरमंडळीबरोबर बंगालीत उपासना. चहा तयार होईपर्यंत मुनशीजवळ फारसीचे थोडे वाचन. न्याहारीपूर्वी हिंदुस्थानी भाषेतील शास्त्राचा थोडा भाग. न्याहारी आटोपताच, वाट पाहत बसलेल्या पंडिताबरोबर संस्कृत रामायणाचे भाषांतर, ते दहापर्यंत. दहा वाजता कॉलेज. तेथील काम एक ते दोनच्या दरम्यान संपे. घरी येऊन यिर्मयाच्या बंगाली भाषांतराचा कच्चा छापील कागद जेवणापर्यंत तपासणे. जेवणानंतर कॉलेजातील मुख्य पंडिताच्या साहाय्याने मत्तयाच्या आठव्या अध्यायाचा बहुतेक भाग संस्कृतात उतरविणे. तेथे सहा वाजले. सहा वाजता तेलुगु पंडिताजवळ त्या भाषेचा पाठ. सात वाजता उपदेशाच्या विचारांची जुळणी, आणि साडेसातला सुमारे चाळीस श्रोत्यांपुढे उपदेश. त्या श्रोत्यांत एक न्यायाधीश होते. उपदेशानंतर त्यांजकडून नव्या प्रार्थनामंदिरासाठी ५०० रुपयांची वर्गणी मिळाली. नऊ वाजेतो मंडळी पांगली. मग यहेज्केलाच्या अकराव्या अध्यायाचे बंगाली भाषांतर, जवळजवळ अकरापर्यंत. त्यानंतर हे पत्र. पत्र झाल्यावर ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय, आणि मग निद्रा.

हा दिवस वाचून कोणी घाबरून जाऊ नये. प्रत्येकाच्या अंगी एवढी शक्ती नसते, आणि प्रत्येकाने पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबावे असे आमचे सांगणे मुळीच नाही. परंतु ह्या हिशेबात तीन गोष्टी अशा आहेत की त्या अशक्त मनुष्यासही उपयोगी पडतील.

पहिली ही की, एका वेळी एकच काम, आणि त्या कामाचा मनुष्य आधीपासून येऊन बसलेला. न्याहारीनंतर काय करावे ह्याचा विचार करण्यात केरीसाहेबांची घटकाही गेली नाही. रामायणाचा पंडित समोर होता. सहा वाजता तेलुगु पंडित येणार म्हणून संस्कृताचे काम सहाला थांबे. स्वतःस दिलेले वचन मनुष्य सहज मोडतो. दुसऱ्यास दिलेले मोडावयास त्यास लाज वाटते. त्यांचा दिवस पुष्कळ अंशी त्या पंडितांच्या व मुनशींच्या वक्तशीरपणावर उभा होता, हेही विसरता कामा नये.

दुसरी ही की, काम बदलणे हीच त्यांची विश्रांती होती. भाषांतरानंतर शिकविणे, शिकविण्यानंतर तपासणी, तपासणीनंतर पुन्हा भाषांतर, आणि मग स्वतः विद्यार्थी होऊन बसणे. नांगराचे बैल थकले म्हणजे शेतकरी जसा बांधावरचे काम उरकतो, तसेच हे.

तिसरी ही की, काय मागे ठेवावयाचे हे त्यांनी ठरविले होते. पत्रे मागे राहिली, आणि त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. परंतु भाषांतर मागे राहिले नाही. ज्यास सर्वच वेळेवर करावयाचे असते, त्याचे सर्वच उशिरा होते.

अशा रोजच्या लहान लहान तुकड्यांतून जे उभे राहिले त्याचा आपल्या भाषेशी फार जवळचा संबंध आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात केरीसाहेब पुढे मराठीही शिकवू लागले. त्या खात्यातील मुख्य पंडित वैजनाथ शर्मा ह्यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून काढिले. त्याच साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८१० त मराठी-इंग्रजी कोश, आणि १८११ त सबंध नवा करार. सेरामपूरच्या छापखान्यातून १८१४ साली सिंहासनबत्तिशी व पुढील वर्षी हितोपदेश ही मराठी गद्य पुस्तकेही बाहेर पडली. मुंबईस मराठी छपाईचा जम बसण्यापूर्वी, शेकडो कोस दूर हुगळीच्या काठी मराठीचे खिळे जुळविले जात होते. ह्या भाषांतरात दोष नव्हते असे नाही. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनरींस असे आढळून आले की, सेरामपूरची मराठी कोकणात व देशावर नीट उमगत नाही. म्हणून त्यांनी स्वतंत्र भाषांतर केले, आणि १८२६ साली त्यांचा नवा करार छापून पूर्ण झाला. एका हाताने एकाच वेळी पुष्कळ भाषांचे काम उचलले म्हणजे असे उणे राहते. तरी पहिली पायवाट केरीसाहेब व वैजनाथ पंडित ह्यांनीच पाडिली.

आता त्यांच्या रीतीची खरी परीक्षा कोणत्या दिवशी झाली ते सांगतो. ११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. बुधवार होता, म्हणून केरीसाहेब कलकत्त्यास होते; दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमनसाहेबांनी जाऊन त्यांस ही वार्ता दिली. कागदाचे गठ्ठे, अनेक भाषांचे खिळे आणि केरीसाहेबांची वर्षानुवर्षे लिहिलेली हस्तलिखिते जळून गेली होती. पूर्वेकडील भाषांचा एक मोठा तुलनात्मक कोश ते तयार करीत होते. त्याची सर्व सामग्री नष्ट झाली. खिळे पाडण्याचे पोलादी ठसे आणि छापण्याची यंत्रे तेवढी वाचली. केरीसाहेब डोळ्यांत पाणी आणून त्या राखेत उभे राहिले. मग वितळलेले शिसे राखेतून वेचून काढिले गेले, त्याचेच नवे खिळे ओतिले गेले, आणि थोड्याच आठवड्यांत छापणे पुन्हा सुरू झाले. केरीसाहेबांनी मित्रांस कळविले की, एकदा चाललेला रस्ता दुसऱ्या वेळी चालणे जिवावर येते खरे, पण पाऊल अधिक खात्रीने पडते. ज्याने काम एका झपाट्यात केलेले असते, त्याचे जळाले म्हणजे तो खचतो. ज्याने ते रोजच्या नेमाने केलेले असते, त्याजवळ नेम उरतो. आणि नेम आगीत जळत नाही. तो मोठा कोश मात्र पुन्हा झाला नाही. जे दुसऱ्यांदा करणे शक्य होते ते त्यांनी केले, आणि जे शक्य नव्हते ते सोडून दिले.

परंतु चरित्र सांगताना एकच बाजू सांगणे हा प्रामाणिकपणा नव्हे. १८०६ च्या त्या दिवसाचा हिशेब वाचकांनी पुन्हा काढून पाहावा. त्यात हिब्रू आहे, फारसी आहे, संस्कृत आहे; पत्नी कोठे आहे? मुले कोठे आहेत? सेरामपुरात डॉरथीबाई शेजारच्या खोलीत वेडाच्या भरात आक्रोश करीत असत, आणि अलीकडच्या खोलीत भाषांतर चाले. केरीसाहेबांनी त्यांस कधी टाकिले नाही. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्यांचा अंत होईपर्यंत त्यांस घरातच सांभाळिले. तथापि ज्या बाईने मूल गमाविले होते आणि जिला ती भूमी परकी होती, तिच्यासाठी त्या दिनचर्येत एखादा तास लिहिलेला दिसत नाही. मुलांचेही तसेच. मार्शमन व वॉर्ड हे येऊन राहिले तेव्हा केरीसाहेबांची मुले अगदी मोकाट वाढलेली होती, असे हॅनाबाईंस दिसले. बाप प्रेमळ होता, परंतु शिस्त लावीत नसे. हॅनाबाईंनी त्या मुलांस आईप्रमाणे वळण लाविले, आणि थोरल्या फेलिक्सला वॉर्डसाहेबांनी हाताशी धरिले. ती मुले सुधारली ह्याचे बरेचसे श्रेय त्या दोघांकडे जाते.

ह्यावरून आम्हास असे दिसते की, दिवसाचे भाग पाडणे ही केवळ अधिक काम उरकण्याची युक्ती नव्हे. ज्या गोष्टीस आपण वेळ नेमितो ती वाढते. जिला नेमीत नाही ती सुकते, मग तिच्यावर आपले प्रेम कितीही असो. केरीसाहेबांची बाग हिरवीगार होती, कारण रोज सकाळी ते तिच्यात जात. ह्याच आवडीतून १८२० साली त्यांनी शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी कलकत्त्यास एक मंडळी स्थापिली. बागेस तास मिळाला. घरास मिळाला असता तर काय झाले असते, ह्याचा विचार प्रत्येक सेवकाने आपल्या घरी बसून करावा.

पुढील वर्षांतही त्यांचा नेम ढळला नाही. १८१८ साली सेरामपूरचे महाविद्यालय निघाले. बायबल सबंध असे बंगाली, ओडिया, हिंदी, मराठी, असमिया व संस्कृत ह्या सहा भाषांत छापिले गेले, आणि त्याचे भाग आणखी पुष्कळ भाषांत निघाले. एवढे करूनही ते आपल्या पुतण्यास सांगत की, आपल्या अंगी एकच गुण आहे, तो म्हणजे हाती घेतलेल्या कामात पाऊल पाऊल पुढे सरकत राहणे. अखेरच्या आजारात, बसवत होते तोपर्यंत, बंगाली शास्त्राचे छापील कागद ते तपासीत होते. ९ जून १८३४ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, सेरामपूर येथे त्यांनी देह ठेविला. भारतात आल्यापासून एकदाही ते स्वदेशी परत गेले नव्हते.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या खेड्यात दहा वाजता कॉलेज भरत नाही, आणि पंडित वाट पाहत बसत नाहीत. आपला दिवस गुरे, विहीर, बाजार व पाऊस ह्यांच्या हाती असतो. तरी प्रत्येकाच्या दिवसात एखादा तुकडा असा असतोच की जो आपल्या हाती आहे. कोणाचा पहाटेचा, कोणाचा दुपारच्या विसाव्याचा, कोणाचा दिवा लागल्यानंतरचा. तो तुकडा ओळखावा आणि त्यास एकच काम द्यावे. रविवारचा उपदेश शनिवारच्या रात्रीवर ढकलू नये. त्यासाठी आधीचा एक वार राखावा. घरोघर भेटीस जाण्याचा वार मंडळीस कळवून ठेवावा, म्हणजे लोकही आपल्याला तो पाळावयास लावतील. पेरणी-काढणीच्या दिवसांत नेम आखूड करावा, पण मोडू नये. अर्धा तास राखिला तरी धागा तुटत नाही. कोणी दुःखी मनुष्य अवेळी दारात आला तर काम बाजूस ठेवावे, आणि तो गेल्यावर जेथे थांबलो तेथूनच पुन्हा आरंभ करावा.

आणि दिवसाचा आराखडा लिहावयास बसाल तेव्हा पहिल्या ओळी दोन असू द्या: एक देवाच्या सान्निध्याची, दुसरी घरच्या माणसांची. केरीसाहेबांनी पहिली ओळ कधी चुकविली नाही, आणि त्या जोरावर त्यांनी डोंगर हलविले. दुसरी ओळ त्यांच्याकडून राहिली. धन्याने प्रत्येकास चोवीसच तास सोपविले आहेत, आणि हिशेब दोन्ही ओळींचा द्यावयाचा आहे.